फळ्यांमागची चरबी

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे! आरमाराने निवृत्त केलेली टगबोट आता आमचं घर. जन्मभर दुसऱ्यांची अवाढव्य जहाजं ओढणाऱ्या या बुटकीला म्हातारपणी भंगारात काढायचं? कृतघ्नपणा नुसता! आम्ही तो होऊ दिला नाही. सासूबाई धक्क्यावरूनच म्हणाल्या, लोक घर बांधून पाहतात, तुम्ही बुडवून पाहा. नवरा पोट धरून हसला.

९ नोव्हेंबर
दोरखंडांच्या कोठाराची झोपायची खोली करतोय. गंज चढू नये म्हणून नौसैनिकांनी पोलादी भिंतींना बोटभर जाड पिवळी चरबी थापलेली. मी म्हटलं, खरवडून टाकू. नवरा म्हणाला, गंजावर याहून चांगला पहारेकरी मिळायचा नाही. पटलं. वरून फळ्या ठोकून मोकळे झालो.

१७ नोव्हेंबर
थंडी पडली म्हणून शेगडी पेटवली. फळ्यांच्या फटींतून चरबी पाझरू लागली. खवट वास, जुनाट आजाऱ्याच्या उशीसारखा. फडक्याने पुसली तर त्यात केस. आखूड, पांढरे. चहावरही तवंग. शिसारी आली.

२० नोव्हेंबर
एक फळी उचकटली. चरबी खाली ओघळायला हवी. ही वर चढतेय. शेगडी कालपासून विझलेली, तरी कोमट. बोट लावलं तशी आक्रसली. नवरा म्हणाला, उगाच बाऊ करतेस. त्याचे ओठ चकाकत होते.

२३ नोव्हेंबर
डोळ्यांनी पाहिलं. फटीत बोटं घालून तो चाटत होता. मी भडाभडा ओकले. मग ठणकावलं, माणसाने कशाशीही जुळवून घ्यावं, पण घाणीशी नाही. ऊठ, आत्ताच्या आत्ता आईंकडे जाऊ.
तो शांतपणे म्हणाला, "आधी चाखून तर बघ गं."

२४ नोव्हेंबर
उठतच नाही. पाठ भिंतीला चिकटलीय. ओढलं — कातडी लांबते, तुटत नाही. त्याला कळही येत नाही. हसतो. सासूबाईंना फोन केला. सकाळी येते म्हणाल्या. तोवर याला —

२५ नोव्हेंबर
भिंत कुठे संपते, तो कुठे सुरू — एक कोपर. एक डोळा, उघडा. उलथनं घेतलंय. सोडवणारच मी याला. खरवडतेय. मनगटांपर्यंत बरबटले, धुतलं तरी —
वास आता तितकासा खवट नाही.

तो डोळाही आता —
सासूबाई धक्क्यावरून हाका मारताहेत. ओ द्यायला हवी. पण तोंड भरलेलं आहे आणि अजून बरंच