गॅलरीतल्या ताटाबद्दल

प्रिय आत्या,

नमस्काराच्याही आधी एक दुरुस्ती करते, म्हणजे नमस्कार तरी स्वच्छ मनाने करता येईल. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या अभ्यासात हेपेटायटिस सी झालेल्या माणसांना गोळ्यांचा त्रास काय होतो ते विचारतात. ते चूक आहे. आम्ही विचारतो उपचाराच्या काळात काय काय घडलं, आणि गोळ्यांबद्दल बोलण्यात कुणालाच रस नसतो. रोज गोळी घ्यायची, थोडं डोकं दुखायचं, तीन महिन्यांनी संपलं. यावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? उरलेला तासभर तो आपला टॉवेल कुणी वेगळ्या खिळ्यावर टांगला ते सांगतो, आणि नातवाला उचलायला हात पुढे केले की सुनेला त्याला नेमकं तेव्हाच आंघोळ घालायची कशी आठवते (नातवाला, सासऱ्याला नव्हे) ते सांगतो.

आता नमस्कार. वाकूनच केला आहे. तुझा गुडघा कसा आहे? काकांची तब्येत विचारत नाही, कारण त्यांच्या रक्तातला विषाणू गेला असं चार महिन्यांपूर्वीच रिपोर्टात आलं आणि तो रिपोर्ट तूच मला फोनवर दोनदा वाचून दाखवलास. ते अजून गॅलरीतच जेवतात का, एवढंच विचारते. त्यांचं ताट आत यावं असं मला फार वाटतं. पण तुला काही शिकवायचं म्हटलं की मला घाम फुटतो. शाळेत जायच्या आधी अक्षरं, पाढे आणि हात कसे धुवावेत हे तिन्ही विषय तूच मला शिकवलेस (आणि तिसऱ्यात मी नापास झाले होते). तेव्हा तो विषय इथेच ठेवते आणि नोकरीत झालेला घोटाळा सांगते. त्याचा काकांशी काही संबंध नाही.

आमच्याकडे मुलाखतीचा एक कडक नियम आहे: ऐकायचं, शिकवायचं नाही. समोरचा काहीही म्हणाला तरी मान डोलवायची नाही, "अरेरे" म्हणायचं नाही, चुकीचं बोलला तरी मध्येच सुधारायचं नाही. फार तर "अजून काही सांगाल?" एवढं म्हणायचं. (माहितीपत्रक निघताना द्यायचं, दाराशी.) आमच्या मोठ्या बाई सगळी रेकॉर्डिंग ऐकतात. माझं पहिलंच ऐकून त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमचे सुस्कारे जरा कमी करा. पेशंटपेक्षा तुमचेच हाल जास्त ऐकू येतायत." तेव्हापासून मी कामावर श्वाससुद्धा जपून घेते.

तर मागच्या महिन्यात मी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या घरी गेले. (पेशंटची ओळख सांगायची नसते, म्हणून कळवते की ते लिफ्ट दुरुस्त करत नाहीत. दुसरंच काहीतरी करतात. तेही वर-खाली जातं.) दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर टीव्ही. लिफ्टवाले बरे होऊन बरेच दिवस झालेले. ते म्हणत होते की त्रास असा काही नाही, घरचे फार काळजी घेतात. तेवढ्यात त्यांच्या बायकोने ट्रेमधून ती काळजी बाहेर आणली. तीन सारखे पांढरे कप, आणि त्यातल्या एकाच्या कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. मी रेकॉर्डर सरकवला, कागद सावरले, सुस्कारा गिळला आणि तो ठिपक्याचा कप उचलून दोन घोट प्यायले.

"अगं बाई! तो ह्यांचा!" बायको ओरडली.

"अगं, मी अजून तोंडही नाही लावलं त्याला," लिफ्टवाले म्हणाले.

"तोंड नका सांगू मला! कप तुमचाच ना?"

आता, कपातून, ताटातून, शेजारी बसल्यामुळे हा आजार होत नाही, रक्तातून होतो, म्हणून दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढे आपापले वापरावेत, आणि यांच्या अंगात तर आता तोही उरलेला नाही, हे सगळं चहासकट माझ्या जिभेवर होतं. पण शिकवायचं नाही! कप खाली ठेवावा, तर भ्यायला हवं असं शिकवल्यासारखं होणार. म्हणून मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "अजून काही सांगाल?" बायकोच्या सासूबाई आतून आल्या, मला खिडकीशी नेलं आणि "जीभ दाखव" म्हणाल्या. मी दाखवली. (हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे, जीभ सोडून.)

दुसऱ्या दिवसापासून बायकोचे ऑफिसात फोन सुरू झाले. "त्या चहावाल्या बाई आल्यात ना कामावर?" रोज तेच. मोठ्या बाईंनी विचारलं, कप चुकून घेतलात ना? मी "हो" म्हणाले. मग संध्याकाळी परत जाऊन "बहुतेक" म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ती मुलाखत अभ्यासातून काढून टाकली. "तुम्हाला माहिती गोळा करायला पाठवलं होतं," त्या म्हणाल्या, "माहिती व्हायला नाही." नोकरी राहिली आहे. आई काळजी करत असेल तर तिला एवढंच वाक्य वाचून दाखव.

फोन मात्र चालूच होते. आणि मग एक दिवस बायकोने माझी चौकशी केलीच नाही. कपावरचं नेलपॉलिश कशाने निघतं, असं विचारलं. मागून लिफ्टवाल्यांचा आवाज आला की आता आपला कप कुठला हेच कळत नाही, आधी निदान काठोकाठ भरून मिळायचा. ही तक्रार होती की काय, ते मला ठरवता आलं नाही. अभ्यासात ती धरता येणार नाही, याचं मात्र वाईट वाटलं.

काकांना नमस्कार सांग. जवळ जाऊन सांग.

तुझी विद्यार्थिनी आणि भाची

ता. क. वर मी लिहिलंय की या घोटाळ्याचा काकांशी काही संबंध नाही. तेही चूक आहे.

आणखी एक. तुला शिकवणं मला जन्मात जमणार नाही, म्हणून मी जेवायला येते आहे. माझं ताट काकांच्या शेजारी मांड. गॅलरीत मांडलंस तर गॅलरीत, आत मांडलंस तर आत. जागा तू ठरव, शेजार मी ठरवला आहे. गॅलरीत दोनच ताटं मावतात, तेव्हा तू कुठे बसणार याचाही विचार करून ठेव. फोन करून नको म्हणू नकोस, मी लगेच ऐकेन आणि मग सगळंच राहून जाईल. येत्या रविवारी, चौदा तारखेला, दुपारी.