उतरताना पातेलं कोणाकडे

सदाशिव पेठ, पुणे ३०
बुधवार, २२ जानेवारी २००३

प्रिय कचरू,

माझ्यावर या घरात घोर अन्याय झाला आहे आणि तो छापील आहे. चार पानी, रंगीत, कोपऱ्यात टाचणी मारलेला. येत्या रविवारी राजगडला जायचं ठरलंय हे सृष्टीने तुला फोनवर सांगितलंच आहे. त्या सहलीचा कन्येने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक तक्ता बनवलाय. आपण जायचो तेव्हा नियोजन म्हणजे स्वारगेटला उभं राहून कोणती एसटी आधी हलते ते बघायचं. आता '९.१० ते ९.२५ : पद्मावती तळ्याकाठी विसावा' असं लिहिलेलं असतं, आणि विसावा सोळाव्या मिनिटात गेला तर काय करायचं त्याचीही वेगळी ओळ आहे. बरं, तेही चालवून घेतलं असतं. पण प्रत्येक नावापुढे 'जबाबदारी' असा एक रकाना आहे. सृष्टीच्या कंपनीतला सुदर्शन दोर आणि बॅटऱ्या सांभाळणार, तिची मैत्रीण निकिता औषधं घेणार, आमच्या द्वारकाकडे डबे. महिपती या नावापुढे काहीच नाही. चौकोन कोरा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कडेला बारीक अक्षरात 'सीनियर. सामान देऊ नये' असं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी! जाब विचारला तर म्हणे, "बाबा, तुम्ही फक्त एन्जॉय करा ना." मी म्हटलं, पेठेत जन्मलेल्या माणसावर ही फार मोठी जबाबदारी आहे, मला दोर दे.

तुझ्या नावाचीही ओळ आहे. पिवळी. त्यात नुसतं प्रश्नचिन्ह आहे. तिने विचारलं तेव्हा तू म्हणालास म्हणे, "तुमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांत माझं काय काम बाप्पा, आणि सामान बांधायचं राहिलंय." पुढच्या गुरुवारी तुझा टेम्पो मेहकरला निघणार हे मला ठाऊक आहे. कारखान्याने तेवीस वर्षांच्या नोकरीला स्वेच्छानिवृत्ती असं गोड नाव देऊन तुला घरी पाठवलं, आणि तू हडपसरच्या त्या दोन खोल्या सोडतोयस. सृष्टीची कंपनीची बस रोज तुझ्या कारखान्याच्या गेटावरून जाते. सांगत होती, भोंगा वाजत नाही आता, कुलपाला गंज चढलाय. ती हे सांगते तेव्हा खिडकीबाहेर बघितल्यासारखी सांगते. तिच्या पगाराबद्दल आनंद मानावा की तुझ्या गेटाबद्दल वाईट वाटून घ्यावं, हे मला ठरवता येत नाही. एकाच बसमध्ये दोन्ही बसतात.

तू कॉट बेसिसवर आमच्या शेजारच्या खोलीत आलास तो दिवस आठवतो. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, आणि आईने दिलेलं ते जर्मनचं पातेलं. मी तोवर पर्वतीच्या पलीकडे पायी गेलो नव्हतो. पर्वतीवरसुद्धा अर्ध्यात बसून वर गेलेल्यांवर शेरे मारायचे, एवढाच आमचा गिर्यारोहणाचा अनुभव. तू पहिल्याच रविवारी म्हणालास, "काहून बसून राहतो रे, ते डोंगर काय पळून जातात का, तूच जा ना त्यांच्याकडे." आणि मी गेलो. पाच वर्षं गेलो. माझ्या आयुष्यात जी काही मोकळी हवा आत आली ती तू उघडलेल्या खिडकीतून आली, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पुणेरी माणूस आभार मानतो तेव्हा समोरच्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही, म्हणून टाळलं.

पातेल्याचा नियम तुझाच. कारखान्यात एक शिफ्ट दुसरीला चार्ज देते, तसं वर खिचडी खाऊन झाली की चार्ज द्यायचा. ज्याने चढवलं त्याने उतरवायचं नाही. पुढच्या वेळी उलट. चुलीवर काळंकुट्ट झालेलं ते पातेलं पाठीवर दोरीने बांधलं की शर्टाचा सत्यानाश ठरलेला, आणि त्याबद्दल तक्रार करायची नाही हा पोटनियम. पाच वर्षांत तू एकदाही पोटनियम मोडला नाहीस. मी किती वेळा मोडला ते तू मोजलं नाहीस.

आता त्या फेब्रुवारीतल्या रविवारकडे येतो. एकोणऐंशी साल. राजगडच. पातेलं चढवलं तू, म्हणजे उतरवायचं मी. मी आदल्याच दिवशी शिवून आणलेला पांढरा शर्ट घालून आलो होतो, कारण मुलींच्या कॉलेजची सहल त्याच दिवशी गडावर येणार असल्याची पक्की बातमी माझ्याकडे होती. तुला ही बातमी मी दिली नव्हती. खिचडी खाऊन उतरायला निघालो, पाली दरवाजाच्या पायऱ्यांच्या वर आपण पोचलो, खाली मुलींची रांग चढताना दिसली, आणि तू पातेलं माझ्या पाठीला लावून गाठ मारणार एवढ्यात माझा पाय मुरगळला. मी खाली बसलो. तू दोरी काढून घेतलीस आणि पातेलं स्वतःच्या पाठीवर घेतलंस. मुलींच्या प्रथमोपचाराची पेटी जिच्याकडे होती ती पुढे आली, तिने माझ्या घोट्याला पट्टी बांधली, नाव विचारलं. पुढचं तुला ठाऊक आहे. तिच्याच हातचा चहा आत्ता शेजारी निवतोय. मग तू एका खांद्यावर मला आणि पाठीवर पातेलं घेऊन तो गड उतरलास. "लंगड रे सावकाश, एसटी काय तुझ्या पायापेक्षा मोठी आहे का," असं म्हणत. आणि आपली मार्गासनीची शेवटची एसटी गेली. रात्र देवळात काढून सकाळी निघालो. मला तेवढंच ठाऊक होतं, इतकी वर्षं.

गेल्या रविवारी द्वारका तुमच्याकडे बांधाबांधीला आली होती ना. येताना हडपसरहून सबंध बसप्रवासात मांडीवर काहीतरी घेऊन आली. शालनवहिनींनी भंगाराच्या ढिगात टाकलेलं तुझं पातेलं. आमच्या ओट्यावर ठेवलं आणि पदर खोचून म्हणाली, "शालन सांगत होती, याच्यापायी कचरूभाऊंची सोमवारची पहिली शिफ्ट बुडली होती. शिकाऊ होते, विनापरवाना गैरहजर. मेमो मिळाला, आणि कायम व्हायचं सहा महिने लांबलं. त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, महिपतीला कळता कामा नये." मग ती म्हणाली, "आणि अहो, मी पट्टी उजव्या पायाला बांधली होती. पायऱ्या संपेपर्यंत तुम्ही डाव्या पायाने लंगडत होता. सूज तर नव्हतीच." चोवीस वर्षं! चोवीस वर्षं ही बाई हे मनात ठेवून माझ्याशी संसार करतेय. मी म्हटलं, मग लग्न का केलंस? म्हणाली, "मुलगा खोटारडा आहे हे दिसतच होतं. पण ज्याचा मित्र असा आहे तो अगदीच वाया गेलेला नसेल, असं वाटलं."

तर कचरू, माझा पाय मुरगळला नव्हता. शर्टाला काजळी लागू नये म्हणून मी खाली बसलो. माझी बायको, त्या बायकोची मुलगी, त्या मुलीचा हा चार पानी रंगीत तक्ता, सगळं तुझ्या पाठीवरून गड उतरलं आहे, आणि त्याचं भाडं तू सहा महिने भरत राहिलास. फोनवर हे सांगायला तीनदा नंबर फिरवला. पण फोनवर मी विनोद करतो, आणि तू हसतोस, आणि विषय संपतो. म्हणून कागद. तुला हे तेव्हाच कळलं होतं असं मला म्हणू नकोस. कळलं असलं तरी म्हणू नकोस. ज्याच्याशी इतकं खोटं बोललो त्याला इतकं सगळं ठाऊक होतं, हे मला या वयात झेपायचं नाही. पण रविवारी ये. पहाटे साडेपाचला जीप आधी हडपसरला येईल, तुझ्या दारात. मेहकरला गेल्यावर तू डोंगर शोधशीलच, पण हा गड मला तुझ्याबरोबर एकदा सरळ पायाने उतरायचा आहे. तू हात हलवत चालायचंस. वाटलं तर मला सुनावायचंस, वऱ्हाडीत, मनसोक्त. पातेलं द्वारका घासायला घेत होती, मी घासू दिलं नाही, काजळी आहे तशी ठेवली आहे. पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय. आणि हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी सृष्टीच्या तक्त्यात माझ्या नावापुढच्या कोऱ्या चौकोनात शाईने लिहिलं : पातेलं. चढताना. उतरतानाही.

तुझाच,
दोन्ही पायांनी धडधाकट,
महिपती