वेदीवरची फुलं

तीर्थरूप आईस, तुरुंगावर पहारा देणाऱ्या तुझ्या लेकाचा दंडवत.

अक्षर वाकडं आहे, कारण उजव्या हाताला टाके पडलेत. काळजी करू नकोस, डाव्या हाताने पोटभर जेवतोय. तुझे गुडघे कसे आहेत?

तू दिलेली, चर्च असलेल्या एका छोट्या गावाची कादंबरी मी दुपारी कैद्यांना वाचून दाखवतो. वेदीवर फुलं कोणी ठेवायची यावरून दोन म्हाताऱ्या अबोला धरतात, याहून वाईट त्या गावात काही घडतच नाही. खून करून आलेलेसुद्धा कानात प्राण आणून ऐकतात.

काल जेवणाच्या रांगेत मारामारी जुंपली. ताटांनी डोकी फुटली, एकाचा डोळा गेला. ज्याला सगळे बैल म्हणतात, त्याने शेजाऱ्याच्या कानाचा लचका तोडला. आम्ही काठ्या मोडेपर्यंत त्याला बडवला आणि कोठडीत कोंबला. तिथून रक्ताळल्या तोंडाने विचारतो, "साहेब, त्या म्हाताऱ्या बोलल्या का हो शेवटी?"

मी हो म्हटलं.

पण आई, शेवट मी वाचलेलाच नाही. काल पुस्तक माझ्या खिशात होतं, आता ती पानं चिकटून बसलीत. कशानं, ते विचारू नकोस.

तू शेवट वाचलायस ना? बोलतात ना गं त्या?

अख्खी बराक तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसली आहे.

तुझा,
थोरला