श्वासाच्या खुणा

बाई,

रविवारी मला एकट्याला गायचं आहे, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळत नाही. चर्चमध्ये ईस्टरला गायच्या कँटाटातलं, त्या गीतमालेतलं, रेसिटेटिव्ह, अकरा ओळी. प्रभूच्या कबरीवरचा दगड सरकलेला दिसला, ही बातमी मी सांगायची आणि मग सगळ्यांनी चार आवाजांत कोरालचं स्तोत्र उचलायचं. ऑर्गनवर तुमची मुलगी, आमची ताई, आहे.

नववीत माझी शाळा सुटली, तेव्हा तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बसवून नोटेशन शिकवलंत. तुम्ही भाजी चिरता चिरता सुरीनं ठेका द्यायचात आणि मी जिथं श्वास घ्यायचा तिथं पेन्सिलनं बारीक खूण करायचो. कोरालसाठी तुमचा एकच नियम असायचा: शेजारचा श्वास घेतो तिथं आपण घ्यायचा नाही, म्हणजे लांब सूर तुटत नाही. ते मला लगेच जमलं. रेसिटेटिव्ह मात्र जमेना. त्यात ठेका नसतो, माणूस बोलतो तसं गायचं, साथ त्याच्यासाठी थांबते. तोवर मी चितेगावच्या कंपनीत सुटे भाग मोजायच्या कामाला लागलो होतो आणि गातानाही पायानं मोजायचो. एकदा सगळ्यांच्या सरावात तुम्ही म्हणालात, "मोजमाप कंपनीत ठेवून येत जा. मोजून मोजून कुणी बातमी सांगतं व्हय?" सगळे हसले. मला राग आला होता.

कालच्या सरावात तेच झालं. मी मोजत राहिलो आणि घाईनं पुढं निघून गेलो. ताईनं ऑर्गनच्या पट्ट्यांवरचे हात उचलले. "अरे, मी कुठं पळून चाललेय? तुझं सांगून झालं की वाजवते." घरी येऊन मी तिला नकाराचा मेसेज लिहिला, शुद्धलेखन दोनदा तपासलं. अजून पाठवलेला नाही.

भीती ठेक्याची नाही, बाई. तुमच्या अंत्यविधीला आम्ही कोराल गायलो. दुसऱ्या ओळीत माझी श्वासाची जागा आली, मी श्वास घेतला आणि परत सुरात शिरलोच नाही. शेवटपर्यंत नुसते ओठ हलवले. शेजारच्यांनी सूर धरून ठेवला होता, त्यामुळं कुणाला कळलं नाही. नंतर ताई माझा हात धरून म्हणाली, आईला आवडलं असतं. मी मान हलवली.

रविवारी शेजारी कुणी नसेल. हे पत्र कुठं टाकता येत नाही, ते तुमच्या जुन्या वहीत ठेवतो. ताईला लिहिलेला मेसेज आत्ता न पाठवताच पुसला. अकरा ओळींतल्या श्वासाच्या खुणाही खोडरबरानं पुसून काढल्या. फक्त पहिल्या ओळीच्या आधीची एक तेवढी राहू दिली आहे.