बिनकाजळीचे शंभर गुण

सोमवार, ६ जानेवारी १९८६. सकाळी ११.२०

आजपासून रोज लिहायचे. पहिले पाच दिवस ही डायरी मिळवण्यासाठी स्टेशनरी विभागाशी पत्रव्यवहार करण्यात गेले.

जिल्ह्यात दोन वर्षे निर्धूर चुलींची योजना चालू आहे. चुली किती बांधल्या हे सगळ्यांना पाठ. त्या कशा आहेत हे विचारायची अक्कल एकालाही नव्हती. शेवटी काम माझ्याकडेच आले. मी तक्ता तयार केला. पाईपात काजळी नसणे, ४० गुण. भेग नसणे, ३०. नमुन्याच्या मापात असणे, ३०. चाळीसच्या खाली सरासरी आली की त्या चुली बांधणाऱ्याचे नाव एक एप्रिलपासून यादीतून कमी. मार्चमध्ये माझा अहवाल, जूनमध्ये उपसंचालकाची खुर्ची. तिच्यासमोर कूलर आहे.

देवराव (माझा क्लार्क, बुद्धी बेताची) तक्ता पाहून म्हणाला, “साहेब, सैपाक होते का नाही, त्याले मार्क काहून नाही?” स्वयंपाक मोजता येत नाही, काजळी मोजता येते, असे समजावून सांगितले. समजले नाही. अपेक्षाही नव्हती.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

पुष्पलता (पत्नी) सिगडीवर तीळ भाजत होती. डोळे लाल. म्हणाली, जगाच्या चुली मोजता, आपल्या सक्करदऱ्याच्या घरात कधी बांधणार? सक्करदरा शहरात येते, योजना ग्रामीण लाभार्थ्यांसाठी आहे हे सांगितले. नियमाचा क्रमांकही सांगितला. तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली नाही.

गुरुवार, २३ जानेवारी. रात्री ८

हिवरटोली. उमरेडपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी. कंबर गेली.

इथल्या एक्केचाळीसही चुली जिजाबाई नावाच्या बाईने बांधल्या आहेत. अक्षरशत्रू. वितीने मोजते. माझ्याकडे स्टीलचा टेप पाहून म्हणाली, “चुलीचं माप बाईच्या गंजावर राहते साहेब.” गंज म्हणजे यांचे पातेले. पातेल्यावर सरकारी माप ठरवायचे! धन्य आहे.

पहिले घर पार्वतीबाईचे. अप्रतिम चूल. पाईपात बोट फिरवले, पांढरेशुभ्र बाहेर आले. भेग नाही. माप तंतोतंत. शंभरपैकी शंभर. चुलीच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसली होती. शेरा लिहिला: ‘कुक्कुटपालनाशी उत्तम समन्वय.’ स्वयंपाक बाहेर अंगणात तीन दगडांवर होतो. तो त्यांचा खाजगी प्रश्न.

दुसरे घर तुळसाबाईचे. अरेरे. गंज मावत नव्हता म्हणून जिजाबाईने तोंड चार बोटे वाढवून दिलेले. भेग मातीने लिंपलेली. पाईप आतून काळाकुट्ट, माझा नवा रुमाल कामातून गेला. बारा गुण, तेही सौजन्याने. आत भाकऱ्या चालू होत्या. वीस मिनिटे बसलो, डोळ्याला पाणी आले नाही. पण तसा रकाना नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सगळ्या गावांची बेरीज झाली. धक्कादायक निष्कर्ष. जिथे चूल बांधून झाल्यावर कोणी फिरकलेच नाही, तिथे गुण नव्वदच्या वर. हिवरटोलीत जिजाबाई दर आठवड्याला घरोघर जाते, तिथे सरासरी एकतीस. यावरून सिद्ध होते की वारंवार भेटींमुळे चुली बिघडतात. भेटी बंद करण्याची शिफारस केली. असे संशोधन या इमारतीत आजवर झालेले नाही.

देवराव म्हणाला, “जे चूल पेटतच नाही, तिलेच मार्क भेटून राहिले साहेब.” क्लार्कने विश्लेषण करू नये अशी तोंडी समज दिली.

जिजाबाईचे नाव कमी करण्याचा प्रस्ताव टाईप करून वर पाठवला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रस्तावाची बातमी हिवरटोलीला पोचली. (देवराव!) जिजाबाई आली. दोन तास बाकावर बसवली. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग म्हणजे चहा, पण विषय शासकीय होते.

म्हणाली, नवरा गेल्यावर आठ वर्षे लोकांच्या वावरात निंदण केले, तेव्हा कोणी नावाने हाक मारत नव्हते. आता चार गावचे लोक मिस्त्री म्हणतात. “थे नाव काढून नका घेऊ, साहेब.” डोळ्यात पाणी. मलाही क्षणभर कसेसे झाले, पण सावरलो. माझ्या हातात काही नाही, सगळे तक्त्यावर आहे, असे सांगितले. तक्ता माझाच आहे, पण तो मुद्दा वेगळा.

जाताना म्हणाली, एक डाव तुळसाबाईकडे जेवून पाहा. जेवणाद्वारे अधिकाऱ्यावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न. नोंद केली.

शुक्रवार, ७ मार्च

पुण्याहून फोन. संचालकसाहेब गुरुवारी येणार. पहिल्या नंबरची चूल बघायची आहे, म्हणाले. बघायची म्हणजे खुर्ची आलीच म्हणायची.

देवरावला हिवरटोलीला पिटाळले. पार्वतीबाईच्या भिंतीला चुना, कोंबडीची अन्यत्र व्यवस्था. पाईप स्वच्छ राहावा म्हणून वरचे तोंड पत्र्याच्या झाकणाने बंद. झाकणाची कल्पना माझी. साहेब येईपर्यंत चूल पेटवू नये असा निरोपही दिला. पार्वतीबाई म्हणाली म्हणे, “पेटवली कधी होती जी?” सहकार्याची वृत्ती दिसते.

गुरुवार, १३ मार्च. रात्री. अंथरुणात

लिहावेसे वाटत नाही.

संचालक म्हणजे बुटका, साध्या चपला घातलेला माणूस. जीपमध्ये माझा तक्ता तीनदा वाचला. एकदाही वा म्हणाले नाहीत. पार्वतीबाईकडे सरळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, याच चुलीवर चहा होऊ द्या.

हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

काड्या पेटल्या. वर झाकण. सगळा धूर घरात. संचालक खोकत बाहेर, मागून मी, माझ्या मागून हार घेतलेले सरपंच. झाकण कोणी लावले, साहेबांनी विचारले. मी देवरावकडे पाहिले. देवराव माझ्याकडे बघत होता. मग सगळे गावच माझ्याकडे बघू लागले.

गर्दीतून तुळसाबाई म्हणाली, “माह्या घरी चाला जी, आत्ता होते चाय.” झाला. वर भाकरी आणि वांग्याची भाजीही. साहेब दोन भाकऱ्या जेवले. पाईपात बोट घातले आणि ते काळे बोट बराच वेळ बघत बसले. पुसले नाही. जिजाबाईला बोलावून विचारले, तोंड किती वाढवलेस? तिने चार बोटे दाखवली. साहेबांनी माझ्या तक्त्याच्या पाठीमागे लिहून घेतले.

मला विचारले, या चुलीला किती? बारा म्हणालो. आणि त्या कोंबडीच्या चुलीला? हे त्यांना कोणी सांगितले कळत नाही. मग आठवले. शेऱ्यात मीच लिहिले होते.

सोमवार, ३१ मार्च

प्रस्ताव परत आला. आडवी लाल रेघ. जिजाबाईने आता इतर तालुक्यांतल्या मिस्त्रींना शिकवायचे म्हणे. वितीने! या देशाचे कठीण आहे.

घरी आलो तर स्वयंपाकघरात हीच बाई, हात मातीने बरबटलेले. पुष्पलताने देवरावमार्फत बोलावून घेतली. नियमाचा क्रमांक सांगायला लागलो. पुष्पलताने पातेले मापासाठी जिजाबाईच्या हातात दिले आणि मला बाजूला व्हायला सांगितले.

सोमवार, ९ जून. दुपारी. ४५ डिग्री

उपसंचालकाची खुर्ची दुसऱ्याला गेली. कूलरसकट.

माझ्या गोपनीय अहवालातला शेरा आज कळवण्यात आला. संचालकांनी माझाच तक्ता वापरला आहे. ‘स्वच्छ. भेग नाही. नमुन्याच्या मापात तंतोतंत. वापर आढळला नाही.’

दोनदा वाचले. माझ्या पद्धतीने शंभरपैकी शंभर होतात. वापराला तर रकानाच नाही, तेव्हा ते वाक्य बाद. माणसाला खरी पारख आहे, उगाच गैरसमज करून घेतला होता. देवरावला बोलावून बेरीज दाखवली. त्याने रकाने नीट तपासले.

म्हणाला, बरोबर आहे साहेब, फक्त कोंबडी बसवाची राह्यली.