हॉलमधली गाडी

२ जानेवारी

आजपासून कामाला सुरुवात. मोशन प्लॅटफॉर्म. डोळ्यांवर हेडसेट, हातात स्टिअरिंग आणि बुडाखाली हलणारी सीट. वळण आलं की सीट कलणार, ब्रेक मारला की झुकणार. लोक तयार विकत घेतात. मी घरी बनवणार. ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारण्यात उभी हयात गेली, दोन मोटरी आणि एक लोखंडी चौकट मला जड नाही.

उद्देश आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी अक्कल पाजळायला नको. बायकोला बढती मिळाली आहे. नदीपलीकडच्या गावात शाखाप्रमुख. १ मार्चला हजर व्हायचं. ती म्हणते, गाडी शिकेन आणि रोज जाऊन-येऊन करेन. या वयात. मी नाही म्हटलेलं नाही. आधी घरात शीक, मग रस्त्यावर जा, एवढंच म्हटलं. याला अडवणं म्हणत नाहीत. मेहुणा म्हणतो.

५ जानेवारी

मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. कानात कायम ते ब्लूटूथ, त्यामुळे माझ्याशी बोलतो की कोणा दुसऱ्याशी ते कळत नाही. मी मनातल्या मनात त्याला ब्लूटूथच म्हणतो. त्याने माझं ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं आणि भाऊजी, हा पाळणा आहे का, असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. अशा माणसाला गप्प राहून जागा दाखवायची असते. त्यानंतर तो तासभर बोलत होता.

संकल्प: ३१ जानेवारीला प्लॅटफॉर्म चालू. चालू म्हणजे चालूच.

११ जानेवारी

भंगारवाल्याकडून ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या. चौकटीचं काम वेल्डरला दिलं. वेल्डर अत्यंत उद्धट. ड्रॉइंगकडे न बघताच हो हो करतो. मधला सांधा सगळ्या बाजूंना हलला पाहिजे, असं तीन वेळा सांगितलं. माझ्या हातचं काही हललं तर नाव बदलीन, म्हणाला. याला काय सांगायचं.

१४ जानेवारी

हेडसेट आला. ऑफिसने दिला, असं बायकोला सांगितलं. ऑफिसने आजवर खोडरबर तरी दिलं का, असं तिने विचारलं. संशयी स्वभाव.

१९ जानेवारी

चौकट आली. आतल्या खोलीच्या दारातून जात नाही. उभी, आडवी, तिरपी, सगळी करून पाहिली. दाराची रुंदी मापायची राहिली, असं ब्लूटूथ म्हणाला. राहिली नव्हती. दार अरुंद केलेलं आहे. बिल्डरने तेव्हाच शेंडी लावली.

नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की हॉलच जास्त योग्य. हवा खेळती राहते. सोफा बाल्कनीत ठेवला. बायको संध्याकाळी आली आणि बाल्कनीत सोफ्यावर बसून राहिली. तिथून बाहेरचं छान दिसतं. आभार मानायला हरकत नव्हती.

२३ जानेवारी

सीटचा प्रश्न. घरातल्या सगळ्या खुर्च्या कुचकामी, बसलं की करकरतात. मग उत्तर सुचलं आणि इतके दिवस कसं सुचलं नाही असं झालं. गाडीची सीट. खाली पार्किंगमध्ये आपली स्वतःची गाडी उभी आहे, तिच्यात तयार सीट आहे. ड्रायव्हरचीच घेतली, कारण ट्रेनिंग ड्रायव्हिंगचं. चार बोल्ट, दहा मिनिटं.

बायको उद्यापासून याच गाडीवर प्रॅक्टिस करणार होती, हे नंतर आठवलं. निव्वळ योगायोग.

२४ जानेवारी

बायको सकाळी खाली गेली आणि वर आली. नुसती सीटकडे बघत उभी राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती. मग ड्रायव्हिंग क्लासच्या बाईला फोन केला आणि क्लासचीच गाडी सांगितली. त्या बाईचा आवाज फोनमधून हॉलभर. घ्या हो, त्यात काय, म्हणत होती. त्यात काय, म्हणे. दुसऱ्याच्या संसारात ही कोण घ्या हो म्हणणारी?

३१ जानेवारी

चालू नाही. कारणं: मोटरींना वेगवेगळी घाई आहे. एक वर जाते तेव्हा दुसरी विचार करत बसते. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांचा सीलिंग फॅन हलतो म्हणे. फॅनचं कामच हलण्याचं आहे, असं मी सांगितलं. त्यांना विनोद कळत नाही. बायकोने जाऊन माफी मागितली. माझ्या वतीने कोणी माफी मागितलेली मला चालत नाही.

नवी तारीख: १० फेब्रुवारी.

३ फेब्रुवारी

चालू झाला. सात दिवस आधी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत ते सोडा.

बसलो, बेल्ट लावला, हेडसेट घातला. निघालो. पहिलं वळण, सीट कलली. दुसरं वळण, सीट कलली. तिसऱ्याला ओकारी आली. कालच्या जेवणात काहीतरी होतं. बायको म्हणाली की तिनेही तेच खाल्लं. तिची प्रकृती पहिल्यापासून दणकट.

५ फेब्रुवारी

पुन्हा ओकारी. जेवलो नव्हतो. म्हणजे उपाशीपोटी त्रास होतो.

८ फेब्रुवारी

एक बारीक निरीक्षण. ब्रेक मारला की मी मागे फेकला जातो. खऱ्या गाडीत माणूस पुढे जातो. डावं वळण घेतलं की उजवीकडे कलण्याऐवजी डावीकडे. बराच वेळ विचार केला. खऱ्या गाडीतच काहीतरी चुकतं आहे अशा निष्कर्षाला येत होतो, तेवढ्यात ब्लूटूथ आला. पाच मिनिटं बघितलं आणि मोटरींच्या तारा उलट्या जोडल्यात, अदलाबदल करा, म्हणाला. कोणीही बघून सांगेल, हेही म्हणाला.

मी तेच करणार होतो. अगदी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता. पण आता तारा बदलणं शक्य नाही. बदलल्या तर हा आयुष्यभर नाकाने कांदे सोलत बसेल.

निर्णय: तारा आहेत तशाच राहतील. शरीराला सवय लावायची. ब्रेकला आपण होऊन पुढे झुकायचं, म्हणजे मागे फेकले जात नाही. शरीर काहीही शिकतं.

११ फेब्रुवारी

शिकलं. ब्रेक म्हटलं की आपोआप पुढे झुकतो. आता जेवतानाही. ओकारी रोज एकदाच.

१३ फेब्रुवारी

हेडसेटबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपला स्वतःचा रस्ता बनवता येतो. बायकोचा रस्ता बनवला. आपलं फाटक, मग चौक, मग हायवे, मग पूल आणि पुलापलीकडे तिचं गाव. गाव अजून बनवलेलं नाही, करड्या रंगाची सपाट जमीन आहे. रस्ता खरा तसाच, फक्त तयारी व्हावी म्हणून थोडी भर घातली. चार अवघड वळणं. धुकं. पुलावर समोरून चुकीच्या बाजूने येणारा ट्रक.

ट्रकवर जास्त मेहनत घेतली. हेडलाइट फार छान आले आहेत.

१६ फेब्रुवारी

बायकोला बसवलं. नको म्हणत होती. एकदाच बस, तुझ्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला, असं म्हटलं. बसली. वळणं शांतपणे घेतली. एकदाही ओकारी नाही. सीट उलटी कलते, असं मात्र म्हणाली. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि समोरचा ट्रक जाण्याची वाट पाहिली. ट्रक तरीही आला. तसाच बनवलेला आहे.

हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, खऱ्या रस्त्यावर असं एकही वळण नाही. क्लासच्या बाईंबरोबर ती तीन वेळा जाऊन आली आहे. मला माहीत नव्हतं. मला का सांगितलं नाही, असं मी ओरडलो. सांगितलं असतं तर तुम्ही क्लासच्या गाडीचीही सीट काढली असती, म्हणाली. मग मीही बोललो. बढती कोणामुळे मिळाली, घर कोणी सांभाळायचं, सगळं काढलं. खालच्या काकूंनी काठीने छत वाजवलं. त्यांना खिडकीतून दोन शब्द सुनावले.

मला घाबरवायचं होतं ना, असं तिने शेवटी विचारलं. हा निव्वळ आरोप आहे. ट्रेनिंग आणि घाबरवणं यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने गाडी चालवू नये.

२० फेब्रुवारी

बायको लायसन्सच्या परीक्षेत पास. पहिल्याच खेपेला. हल्ली कोणालाही देतात. ब्लूटूथने पेढ्यांऐवजी केक आणला, त्यावर गाडीचं चित्र. माझ्या वाट्याला चाकाचा तुकडा आला. मुद्दाम.

२२ फेब्रुवारी

ऑफिसातून आलो तर प्लॅटफॉर्मवर सीट नाही. गॅरेजवाल्याला बोलावून तिने ती गाडीत परत बसवून घेतली. प्लॅटफॉर्मवर बाथरूममधली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधून. गाठी मात्र पक्क्या. ही थट्टा होती की माया, ते कळलं नाही. विचारलंही नाही.

सिस्टीमवर परिणाम होतो का ते पाहिलं. दुसऱ्या वळणाला खुर्चीचा पाय सटकला. गुडघा.

२५ फेब्रुवारी

बायको म्हणाली, चला, एक चक्कर मारून येऊ. शेवटची संधी द्यावी म्हणून गेलो. बेल्ट लावला नाही. मला रस्ता अंगाने अनुभवायचा होता. पंधरा मिनिटं ठीक चालवली. चुका काढायला वही नेली होती, ती कोरीच राहिली, कारण खड्ड्यांमुळे लिहिता येत नाही.

मग कुत्रं आडवं आलं. तिने ब्रेक मारला. माझं शरीर शिकवल्याप्रमाणे पुढे झुकलं. गाडीनेही पुढेच फेकलं. कपाळ सरळ डॅशबोर्डवर.

तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत रिव्हर्स घेऊन एका दमात गाडी लावली. रक्त निघत असलेल्या माणसासमोर असलं दाखवायची गरज नव्हती. ब्रेक लागल्यावर तुम्ही पुढे का झुकलात, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यांना तांत्रिक बाजू समजणार नाही म्हणून गप्प बसलो. बायकोला समजली होती. ती खिडकीबाहेर बघत होती. हसत असती तर मी रागावलो तरी असतो.

२७ फेब्रुवारी

बायकोने त्या गावात खोली बघितली आहे. पाच दिवस तिथे, शनिवार-रविवार इथे. जमलं तर, म्हणाली.

मी म्हटलं, म्हणजे शेवटी रोज जाण्याची भीती वाटलीच ना. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. तर म्हणाली, जायची भीती नाही वाटत हो, परत यायचा कंटाळा येतो. घरात पाऊल टाकलं की तुम्ही काहीतरी हलवत असता, आणि ते माझ्यासाठी आहे असं म्हणता.

मी पाना हातात घेतला.

प्लॅटफॉर्म मोडून टाकू का, असं विचारणार होतो. तिने आधी विषय काढायला हवा होता. वाट पाहिली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. आठ दिवसांत कायमची परत येते की नाही बघा.

२८ फेब्रुवारी

तिने गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर लावला.

१ मार्च, सकाळ

गेली. दोन बॅगा. ब्लूटूथ गाडी चालवायला आला होता, त्यालाही नको म्हणाली. मी खाली उतरलो नाही, कपाळाला टाके आहेत. बाल्कनीतल्या सोफ्यावरून पाहिलं. फाटकातून गाडी काढताना कुठेही घासली नाही. मला वाटलं होतं घासेल. घासावी असं वाटलं होतं. लिहिलं आहे तर राहू दे.

ब्लूटूथ वर आला आणि कानातलं काढून खिशात ठेवलं. त्याचा कान मी पहिल्यांदाच पाहिला. काहीतरी टोचून बोलेल म्हणून तयार होतो. भाऊजी, चहा करू का, म्हणाला. मी त्याला घालवून दिलं.

१ मार्च, दुपार

घर फार शांत आहे. मला आवडत नाही.

मोटरींच्या तारा बदलल्या. बघायला कोणी नाही, तेव्हा हरकत नव्हती. दोन मिनिटांचं काम. खुर्ची पुन्हा आवळून बांधली. बसलो. ब्रेक मारला, पुढे. डावं वळण, उजवीकडे. दोन्ही मोटरी एकत्र. ओकारी नाही. प्रकल्प यशस्वी. शंभर टक्के.

तिचाच रस्ता लावला. फाटक, चौक, हायवे, चारही वळणं, धुकं, सगळं व्यवस्थित. पुलावर ट्रक आला. पुन्हा सुरुवातीपासून गेलो. पुन्हा ट्रक. ट्रक काढून टाकायला घेतला तर तो कुठे घातला होता ते सापडेना. मेनू सगळे उघडून पाहिले. हळू गेलो, जोरात गेलो, पुलाच्या आधी थांबलो. येतोच.

फोन वाजला. हेडसेट काढून उचलला. पोचले, म्हणाली. रस्ता कसा होता, असं मी विचारलं. सरळ होता, म्हणाली. पुलावर ट्रक होता का, असंही विचारलं. जेवून घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

पुन्हा बसलो. ट्रक आला.