डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं

रिसाली, मंगळवार, दिवेलागण

आज फोनवर सांगूनच टाकलं. पार्किन्सन्समुळे दारात माझे पाय जमिनीला चिकटतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हलका करंट देणारं मशीन घरी दिलं होतं. रोज चहानंतर हे माझे केस बाजूला सारून ओले स्पंज बसवायचे, वर पट्टा बांधायचे. प्लांटमध्ये जन्मभर मोटारी दुरुस्त केलेले हात, पण केसांत किती हळू! मग विचारायचे, "आज पाय हलके वाटून राहिले ना?" मी हो म्हणायचे. का म्हणायचे? त्यांचा चेहरा फुलायचा म्हणून.

डॉक्टरीणबाईंशी मात्र खोटं बोलवेना. पाय तसेच अडकतात, म्हटलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच लागू पडत नाही, मशीन परत आणा. हे शेजारीच होते.

मग म्हणाले, "मले तं कधीचंच समजलं होतं."

"मंग रोज कावून लावून देत होते तुमी?"

"तेवढा येळ तू माह्यापाशी बसत होती ना."

मशीन परवा परत जाईल. उद्या चहानंतर आम्ही नुसतेच बसणार आहोत.